सीएसआरचा पैसा अंगणवाडीच्या भिंतींना द्यायचा की मुलांजवळ बसणाऱ्या बाईला?

ऐरोलीकर

मार्चअखेर जवळ आली की सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चासाठी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांना अंगणवाड्या आठवतात. दिघा, चिंचपाडा, तुर्भे स्टोअर, नाहीतर ठाण्यात लोकमान्यनगर. खोलीला रंग लागतो, भिंतीवर कार्टून येतात, टीव्ही आणि पाण्याचं यंत्र बसतं, दारावर कंपनीची पाटी लागते. यातला बराच पैसा वाया जातो असं माझं स्पष्ट मत आहे. तोच पैसा त्या खोलीत आणखी एक प्रशिक्षित बाई ठेवायला वापरावा.

हिशेब बघा. वस्तीतली भाड्याची खोली १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. केंद्राच्या २०१८ च्या पाळणाघरांविषयीच्या मार्गदर्शक सूचना दर मुलामागे किमान १० ते १२ चौरस फूट सांगतात. कपाट, शिध्याचे डबे आणि वजनकाटा वजा केला की आठ-नऊ मुलांची जागा उरते. पटावर तीस मुलं असतील तर त्यांना चार गटांत बोलवावं लागणार. गट म्हणजे जास्त तास, आणि तास म्हणजे माणूस. सेविकेकडे आधीच गृहभेटी, टीएचआरचं (घरी न्यायच्या शिध्याचं) वाटप, लसीकरणाची यादी आणि पोषण ट्रॅकर या ॲपवरच्या नोंदी आहेत. अंगणवाड्यांसाठीच्या 'पोषण भी पढाई भी' या केंद्राच्या कार्यक्रमात रोज किमान दोन तास बालशिक्षण अपेक्षित आहे. ते दोन तास टीव्ही देणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना तर दोन वर्षांखाली पडदा नकोच म्हणतात, आणि दोन ते चार वर्षांना दिवसभरात, घरचा धरून, फार तर एक तास.

सेक्टर_अकरा

साफ असहमत. ऐकायला छान आहे, पण सीएसआरच्या नियमांत 'चालू प्रकल्प' सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंतच धरता येतो. चौथ्या वर्षी त्या बाईचं काय? मुलांना तिची सवय लागलेली, पालक सेविकेला विचारणार की "त्या ताई कुठे गेल्या?" आणि उत्तर देणार सेविका. भिंत निदान तिथेच राहते.

आणि भिंतीला इतकं हलक्यात घेऊ नका. चुकतं कुठे तर कंत्राटदार मिकी माऊस रंगवतो आणि निघून जातो. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंतचा पट्टा फळ्याच्या रंगाने रंगवला तर तीच भिंत मुलांची पाटी होते. त्याच्या वर उंची मोजायची पट्टी, दारावर कोनाच्या खुणा, फरशीवर उड्यांचे चौकोन. खर्च तोच, उपयोग रोजचा. फक्त आधी गळती काढा. आपल्याकडच्या पावसात ओल्या भिंतीवर ऑइलपेंट मारला की दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे सुटतात आणि रांगती मुलं ते तोंडात घालतात. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे, २०१६ चे नियम आहेत. डब्यावर ते छापलेलं बघूनच रंग घ्या. कंत्राटदाराकडचा उरलासुरला रंग नको.

मुख्यसेविका_निवृत्त

दोघेही वस्तूंबद्दल बोलताय, पण वस्तू वापरल्या का जात नाहीत ते कोणी लिहिलं नाही. खेळणी देणगीत आली की जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे कायम जपायच्या वस्तूंच्या वहीत, चढतात. मणी हरवले, ठोकळा फुटला तर तपासणीत उत्तर सेविकेला द्यावं लागतं. मग ती ते कपाटात कुलूपबंद ठेवते आणि मुलं गाणी म्हणत बसतात. तिला दोष देऊ नका. देणाऱ्याने पत्रातच लिहून द्यावं की मणी, खडू, कागद, चिकणमाती, चित्रपुस्तकं हे सगळं खर्ची पडणारं साहित्य आहे, आणि दर सहा महिन्यांनी नवा भरणा करावा. पर्यवेक्षिकेची सही घेऊन ते वेगळ्या नोंदवहीत टाका. एवढ्याने कपाट उघडतं.

पाण्याचं यंत्र देण्याआधी नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारा. अंगणवाडी बंद असताना पाणी येत असेल तर यंत्र कोरडं पडतं. फिल्टर बदलायचे पैसे कुणाचे हे ठरलेलं नसतं. त्यापेक्षा तोटीचा झाकणाचा पिंप, लांब दांड्याचं ओगराळं आणि हात धुवायला मुलांच्या उंचीची मोरी बरी.

आणि खरंच द्यायचं असेल तर मोजमापाची साधनं चांगली द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवं झोपवून लांबी मोजायची, दोनच्या वर उभं करून उंची. दोन्हींत साधारण ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो. इन्फँटोमीटर (बाळाला झोपवून मोजायची फळी) मोडलाय म्हणून वर्षाच्या पोराला भिंतीला टेकवून मोजलं तर नोंद चुकते, आणि तीव्र कुपोषित मूल ठीक दिसू शकतं. दंडघेराची पट्टी तर पैशांत येते. ११.५ सेंटिमीटरच्या खाली आलं की लगेच आरोग्य केंद्रात दाखवायचं. पट्टी लोंबकळत्या डाव्या हाताला, खांदा ते कोपर याच्या मध्यावर लावायची, आणि ओढून घट्ट करायची नाही.

ऐरोलीकर

ताई, कपाटाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण भरणा नवा करायचा, मणी मोजायचे, मुलांना गटात बसवायचं हे करणार कोण? फिरून तिथेच येतो आपण.

सेक्टर_अकरा, तीन वर्षं कमी वाटतात तुम्हाला. मूल तीन वर्षांचं येतं आणि सहाव्या वर्षी पहिलीत जातं. म्हणजे एक अख्खी तुकडी पूर्ण होते. दुसरं, कंपन्यांचे लोक सांगतात की पगार पाच टक्क्यांच्या प्रशासकीय खर्चात बसत नाही. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या सीएसआर कारभाराच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रत्यक्ष मुलांसोबत काम करणाऱ्या माणसाचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च. काम करणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचा पैसा घेण्यासाठी लागणारी) आहे का ते बघा, करारात पद आणि मानधन स्वतंत्र ओळीत लिहा. समजा महिना १२,००० धरले तर तीन वर्षांचे ४ लाख ३२ हजार. त्यात प्रशिक्षण आणि साहित्य धरून पाच लाख करा.

वागळे_बंद_मिल

या चर्चेत एक गोष्ट सगळ्यांनी सोयीस्कर गाळली आहे. कंपनीने नेमलेली 'ताई' १२,००० घेणार आणि तिच्या शेजारी बसून जनगणनेपासून निवडणूक यादीपर्यंत सगळं ओढणारी सेविका शासनाच्या लेखी 'मानधनी'. डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस राज्यभर संप झाला तो याच प्रश्नावर. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये निकाल दिला तेव्हा मान्य झाला. दुसरी बाई हवीच, पण ती शासनाने नेमलेली. १९७५ पासून अंगणवाडीची योजना चालू आहे, ५० वर्षं झाली आणि अजून आपण दात्यांच्या पाट्या मोजतोय. या योजनेचं आयुक्तालय तर इथेच बेलापूरला रायगड भवनात आहे. पाच कंपन्यांचे पाच अर्ज नेण्याऐवजी पालकांच्या सह्यांचं एक निवेदन न्या.

दुसरं, "साहित्य नाही, जागा नाही" म्हणणाऱ्यांनी आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याकडे बघावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा पानं, बिया, शिंपले हेच साहित्य होतं. मुलं केंद्रात येत नाहीत तर केंद्र त्यांच्या अंगणात गेलं.

सेक्टर_अकरा

बोर्डीत अंगण होतं, हो. चिंचपाड्यात दाराबाहेर पाऊल टाकलं की गटार किंवा रिक्षा. तिथे 'साहित्य निसर्गातून घ्या' म्हणणं सोपं आहे. आणि निवेदनाचा निकाल लागेपर्यंत आत्ताची तीन वर्षांची पोरं चौथीत असतील. शासनाने करावं यात वाद नाही, तोवर काय करायचं हा प्रश्न आहे.

रबाळे_शिफ्ट

सगळे तीन ते सहाच्या मुलांवर भांडताय. एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या बाईची खरी अडचण आठ महिन्यांचं बाळ आहे, आणि अंगणवाडी फार तर दुपारपर्यंत. बाळ सांभाळायला मोठी बहीण घरी राहते, म्हणजे एका मुलाच्या सोयीसाठी दुसरीची शाळा जाते. म्हणून मी दोन्ही पक्षांच्या विरोधात: पैसा पाळणाघराला द्या.

केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. सहा महिने ते सहा वर्षं वयाची मुलं, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. पण आकडा नीट वाचा. शिफ्ट आठ तासांची, वर जेवणाची सुट्टी आणि दिघा ते महापे जाणं-येणं. म्हणजे किमान दहा तास. पाळणाघर पाचला बंद आणि आई सव्वासहाला दारात, हे रोज होणार. दहा-बारा तास चालवायचं तर एकाच बाईला ताणून भागत नाही. तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि सोबत मदतनीस, हे प्रमाण धरून दोन पाळ्या लावा: एक सात ते अडीच, दुसरी साडेअकरा ते सात. मधले तीन तास दोघी एकत्र. जेवण, शी-शू, झोप हे सगळं नेमकं त्याच वेळात येतं.

आणखी एक. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघर देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आधी मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे. हा खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही, कारण दुसऱ्या कायद्याचं कर्तव्य पार पाडणं म्हणजे सीएसआर नाही. म्हणून वस्तीतली अंगणवाडी रंगवणाऱ्या कंपनीला पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्या गेटच्या आत पाळणाघर कुठे आहे? कंत्राटी बायकांची मुलं त्यात घेता का? संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून एकच पाळणाघर चालवायची मुभा आहे. रबाळे-महापेच्या शेजारशेजारच्या युनिटांना ती अगदी सोयीची.

मुख्यसेविका_निवृत्त

पाळणाघर अंगणवाडीला जोडा, पण त्याच १२० फुटांत नको. झोपलेलं बाळ आणि उड्या मारणारी पाच वर्षांची पोरं एका खोलीत ठेवली तर दोघांचेही हाल. वेगळी खोली नसेल तर योजना घेऊ नका.

बाटली आत येऊ द्यायची नाही, दूध वाटी-चमच्यानेच. आईने काढून ठेवलेलं दूध साध्या खोलीत चार तासांच्या वर ठेवू नये. पत्र्याखालच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये तेवढंही नको, फ्रिज पाहिजे. कंपनीने टीव्हीऐवजी छोटा फ्रिज दिला तर मी स्वतः आभाराचं पत्र लिहीन.

वागळे_बंद_मिल

रबाळे_शिफ्ट, कायद्याचा मुद्दा पटला, पण ज्या गाळ्यात २० जण काम करतात तो कायद्याच्या बाहेरच. आणि आपल्या पट्ट्यात असे गाळे काही कमी नाहीत. बांधकामावरच्या मुलांसाठी मुंबई मोबाइल क्रेशेससारखी संस्था साइटवरच केंद्र चालवते, तिथे जागा, वीज, पाणी बिल्डर देतो. छोट्या गाळ्यांच्या इमारतीत हे कोण देणार?

रबाळे_शिफ्ट

गाळेधारकांची संघटना. तळमजल्यावरची एक खोली, दर गाळ्यामागे महिन्याची ठरलेली वर्गणी. आईकडूनही थोडं शुल्क घ्या, पण परवडेल एवढंच. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिना २० रुपये होते. हजेरीवर रोजचे पैसे मात्र घेऊ नका. रोजावर घेतलं की पगाराच्या आधीच्या आठवड्यात मुलं येत नाहीत, आणि सांभाळणाऱ्या बाईचं मानधन त्याच आठवड्यात अडकतं.

ऐरोलीकर

आणि मानधनाचा आकडा वर्गणीच्या ठरावातच लिहा. नाहीतर संघटना पहिल्या बैठकीत खोली रंगवायचं कोटेशन मागवेल.