म्हणे व्याख्यानाला जायचं कशाला?

गोदाकाठचा
परवा इथे एकाने लिहिलं, 'व्याख्यान, मैफल, संमेलन, सगळं मोबाइलवर येतं. दीडपट वेगाने लावलं की चाळीस मिनिटांत उरकतं. तासभर ट्रॅफिकमध्ये घालवून प्लॅस्टिकच्या खुर्चीत अवघडून बसण्यात कसली आलीय संस्कृती?' खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प होतो, आज राहवत नाही.

आपल्या नाशिकच्या वसंत व्याख्यानमालेने शंभरी ओलांडली. मे महिन्यात गोदाघाटावर, उघड्यावर. दिवसभर तापलेली फरशी रात्री आठलाही चटका देते, तरी माणसं बसतात. ती सगळी खुळी का?

एक प्रसंग सांगतो, दुसऱ्या एका सभागृहातला. शेतमालाच्या भावावर व्याख्यान. वक्ते नामवंत, आकडे तोंडपाठ. माल साठवला की शेतकऱ्याला भाव मिळतो, असं म्हणाले, टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांत मागून एक टोपीवाले बाबा उठले. 'साहेब, एप्रिलात साठवणीच्या चाळीत शंभर क्विंटल कांदा भरला, तर दसऱ्याला किती निघतो?' वक्ते म्हणाले, 'नव्वद?' बाबा नुसते हसले. मागच्या चार रांगा हसल्या. वक्त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, 'तुम्हीच सांगा.' पुढची वीस मिनिटं बाबा बोलत होते, वजन किती घटतं, किती सडतो, कोंब कधी फुटतात. वक्ते लिहून घेत होते.

आठवड्याने रेकॉर्डिंग आलं. भाषण पूर्ण, सत्कार पूर्ण, प्रश्नोत्तरं कापलेली. म्हणजे दीडपट वेगाने तुम्ही नेमकं चुकीचं तेवढंच ऐकलंत.

इंदिरानगरकर
तो 'एक जण' मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

कापलं कुणी? आयोजकांनी. मग माझ्यावर का राग? प्रश्नोत्तरं टाका, तीही ऐकतो. आणि काका, तुम्हाला बाबा एकदा भेटले. एरवी मागून उठतो तो 'माझा प्रश्न नाही, पण दोन शब्द बोलतो'वाला. त्याच्या आधी दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रायोजकांचा सत्कार, प्रायोजकांच्या तीर्थरूपांचा सत्कार. मागच्या वर्षी साडेसहाची वेळ दिलेली. वक्ते उभे राहिले सात चाळीसला. पहिलं वाक्य काय? 'वेळेअभावी थोडक्यात सांगतो.'

शालीमार_चौक
सत्काराचं सोडा, गाडी लावायची कुठे ते बोला. मागे नाटकाला गेलो, पहिल्या अंकात खलनायक कोण तेच कळलं नाही, डोक्यात सगळा वेळ टोइंगची गाडी. बाहेर आलो तर खलनायक तोच निघाला.

सिडकोची_सून
गोदाकाठचे काका, फरशीवर बसणाऱ्यांत बायका किती असायच्या हो?

माझ्या सासूबाईंचं माहेर पंचवटीत. लग्नाआधी घाटावर व्याख्यानाला जायच्या. पुढे चाळीस वर्षं संध्याकाळी सातला त्या पोळ्या लाटत होत्या. टाळेबंदीत सगळं ऑनलाइन आलं तेव्हा डब्याला मोबाइल टेकवून, तांदूळ निवडत त्यांनी इतक्या वर्षांनी पहिलं व्याख्यान पूर्ण ऐकलं. आता गुडघे गेलेत, घाट उतरणं जमत नाही. त्यांनी ऐकलं ते खोटं का?

गोदाकाठचा
खोटं कसं म्हणेन? बायका कमी असायच्या, हे मान्य. आमच्या घरीही तेच होतं, मी यायचो, ही स्वयंपाकाला. पण मी आजारी माणसाबद्दल लिहिलंच नव्हतं. धडधाकट पाय असून सोफ्यावरून संस्कृतीला नावं ठेवणाऱ्यांबद्दल लिहिलं होतं.

निफाडचा_पोरगा
त्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही. आमच्या चाळीतून गेल्या साली शंभराचे अडुसष्ट निघाले, तेही पाऊस नीट असताना. साठवा म्हणणं सोपं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरात थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिलंच, ते पूर्ण जायला एप्रिल २०२५ उजाडलं. माल चाळीत, भाव दिल्लीत. मग साठवून कुणाचं भलं झालं?

इंदिरानगरकर
आणि आम्ही ऐंशी रुपये किलोने घेतो तेव्हा? तेव्हा कुठल्या चाळीत असतो कांदा? रडगाणं बारा महिने ऐकतोय. परवडत नसेल तर लावू नका.

निफाडचा_पोरगा
ऐंशी तुम्ही देता, आमच्या हातात किती पडतात ते लासलगावला येऊन एकदा लिलाव उभा राहून बघा. कांदा काढायला मजूर मिळत नाही म्हणून माझी आई साठीत वाफ्यात बसते. 'लावू नका' म्हणे! तुम्ही मिसळीवर कांदा कमी पडला तर हॉटेलवाल्याशी भांडता.

इंदिरानगरकर
आईला मधे आणायची गरज नव्हती.

निफाडचा_पोरगा
आई मधेच आहे, वाफ्याच्या.

शालीमार_चौक
लासलगावला पार्किंग आहे का?

रविवार_कारंजा
कांदा जरा बाजूला ठेवा रे पोरांनो. २०२१ डिसेंबरचं साहित्य संमेलन आठवा. आधी कॉलेज रोडला ठरलं होतं, मग गेलं आडगावला. त्यात अवकाळी पाऊस. अध्यक्ष डॉ. नारळीकर, तेच प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. तरी मी तिन्ही दिवस गेलो. भाषणातलं एक वाक्य आठवत नाही, खरं सांगतो. पुस्तकांच्या गाळ्यांपाशी शाळेतला बाकावरचा मित्र भेटला, एकोणचाळीस वर्षांनी. मी ज्या पुस्तकाला हात घातला त्यालाच त्यानेही घातला होता. दुसरी प्रत नव्हती. अजून महिना महिना वाटून घेतो आम्ही ते.

इंदिरानगरकर
काका, तुम्हीच कबूल केलंत. अध्यक्षांशिवाय संमेलन होतं, भाषण आठवत नाही, म्हणजे माणसं ऐकायला जातच नाहीत. मग 'ज्ञानयज्ञ' वगैरे म्हणू नका. सरळ 'भेटायला जातो' म्हणा, मी तोंड बंद करतो.

रविवार_कारंजा
भेटायला जातो. झालं? कर बंद.

गोदाकाठचा
माझं तसं नाही, मी ऐकायलाच जातो. पण समोर माणसं असली की वक्ता फसतो, अडखळतो, सुधारतो, ते ऐकायला. आणि रंगपंचमीला रहाडीत, रंगाने भरलेल्या त्या जुन्या हौदात, धप्पा मारायला काय मोबाइल टाकणार का आत?

इंदिरानगरकर
रहाड आणि व्याख्यान एका मापात मोजू नका. रहाडीत सत्कार नसतो, लोक थेट उडी मारतात. व्याख्यानं तशी करा, मी येतो. आणि बघा, कांद्यावरचा सगळा वाद घरबसल्या झालाच ना? बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळालं, अडुसष्ट.

गोदाकाठचा
मिळालं. पण 'लावू नका' हे त्या पोराच्या शेजारच्या खुर्चीत बसून म्हणाला असतास?

इंदिरानगरकर
...नसतो म्हणालो. ते वाक्य मागे घेतो. ऐंशी रुपयांचं नाही घेत.

निफाडचा_पोरगा
ऐंशीचं मलाही मान्य नाही, पण ते मधल्यांना विचारा.

सिडकोची_सून
सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाल्या, 'मोबाइलवर ऐकताना मधे मला कुणी हाक मारतंच. तिथे गेले तर दोन तास कुणी मीठ कुठंय विचारणार नाही.' यंदा एक दिवस यायचं म्हणतायत. पाठ टेकायची खुर्ची पाहिजे आणि सत्कार संपेपर्यंत रिक्षातच बसेन, अशा दोन अटी.

इंदिरानगरकर
आजींची दुसरी अट मला पटली. रिक्षा नको, माझी गाडी आहे, सिडकोतून घेईन. खाली घाटापर्यंत सोडतो आणि संपल्यावर न्यायला येतो. मी आत येणार नाही, आधीच सांगतो.

शालीमार_चौक
आणि दोन तास गाडी लावणार कुठे?