मदत हवी आहे : तीन मस्केटिअर मांजरांच्या रूपात काढायचे आहेत, कोणाला कोणती जात शोभेल?

नमस्कार.

आमच्या वसाहतीच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी मी नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते. यंदाच्या पावसाळ्यात आम्ही अलेक्सांद्र द्यूमा यांची तीन मस्केटिअरांची, म्हणजे फ्रान्सच्या राजाच्या बंदूकधारी सैनिकांची, कादंबरी मराठीतून, काही प्रकरणे गाळून, वाचली. मुलांना ती इतकी आवडली की दिवाळीच्या हस्तलिखितात तिचीच चित्रमालिका द्यायची असे त्यांनी ठरवले, आणि माणसांऐवजी मांजरे काढावीत हीसुद्धा त्यांचीच कल्पना. चित्रे काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अ‍ॅथॉस, पोर्थॉस आणि अ‍ॅरामिस या तिघांना कोणकोणत्या जातीची मांजरे करावे, या एका प्रश्नावर मी गेले तीन आठवडे अडून बसले आहे. येथे मांजरे पाळणारे, प्राण्यांची चित्रे काढणारे आणि ही कादंबरी प्रेमाने वाचलेले असे तिन्ही प्रकारचे वाचक आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

चौथ्या गड्याचा, म्हणजे दार्तान्यांचा प्रश्न सुटलेला आहे. तो आधी सांगते, कारण त्यावरून बाकीच्या तिघांकडे मी कशी पाहते आहे ते लक्षात येईल. दार्तान्यां गॅस्कनीतून पॅरिसला निघतो तो पिवळ्या रंगाच्या, शेपटीचे केस गेलेल्या एका म्हाताऱ्या घोड्यावर बसून, आणि वाटेतल्या गावात त्या घोड्याला कोणी हसले म्हणून त्याचे पहिले भांडण जुंपते. त्याच्यासाठी नारिंगी पट्ट्यांचा गावठी बोका घ्यायचा, यावर आमचे पहिल्याच दिवशी एकमत झाले. मांजरांमधला नारिंगी रंग एक्स गुणसूत्रावरून येतो. बोक्याकडे हे गुणसूत्र एकच असल्यामुळे त्याला त्या रंगाची एक प्रत पुरते, मांजरीला मात्र दोन लागतात, आणि म्हणून पाच नारिंगी मांजरांमागे साधारण चार बोके निघतात. हे ऐकल्यावर मुलांनी आसपासची नारिंगी मांजरे मोजायला घेतली आहेत. खेड्यातून आलेला पोरगा गावठी, आणि तो ज्यांच्यात सामील व्हायला धडपडतो ते तिघे नावाजलेल्या जातींचे, ही मांडणी मला कथेला धरून वाटते. त्यामुळे ‘चौघेही देशीच काढा ना’ ही एका पालकांची सूचना आवडूनही मी बाजूला ठेवली आहे.

आता अ‍ॅथॉस. तिशीचा, उमदा, अत्यंत कमी बोलणारा, आणि कोणापाशीही न उघडलेले एक जुने दुःख मनात घेऊन जगणारा हा माणूस आहे. ग्रिमो नावाच्या आपल्या नोकरालाही त्याने केवळ हाताच्या आणि ओठांच्या खुणांवर काम करायची सवय लावलेली असते. त्याच्यासाठी माझ्या मनात शार्त्रू ही फ्रेंच जात आहे. निळसर करड्या रंगाचे दाट, लोकरीसारखे केस, तांब्याच्या रंगाचे डोळे, भरदार छाती आणि त्या मानाने बारीक पाय असे तिचे रूप असते, आणि ही मांजरे फारसा आवाज करत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे. कार्थुसियन पंथाच्या मठांतील मौन पाळणाऱ्या साधूंनी ही जात वाढवली, अशी एक दंतकथा तिच्या नावाभोवती आहे. दंतकथा असली, तरी अ‍ॅथॉसच्या मौनाला ती इतकी जवळची आहे की ती सोडवत नाही.

अडचण अशी की शार्त्रूच्या तोंडाची ठेवण हसरी असते. तिचा जबडा रुंद आणि नाकाकडचा भाग निमुळता असल्याने ओठांच्या कडा किंचित वर वळलेल्या दिसतात, आणि जाणकार तर याच स्मितावरून ती जात ओळखतात. मी चार रेखाटने केली आणि चारही वेळा अ‍ॅथॉस आनंदात असल्यासारखा दिसला. ओठ खाली वळवले तर ते मांजर शार्त्रू राहत नाही, नुसते रागावलेले करडे मांजर होते. रशियन ब्लू घ्यावे, तर ते अंगाने सडपातळ आणि हिरव्या डोळ्यांचे असते, शिवाय त्याचा लाजरेपणा अ‍ॅथॉसच्या अंगात नाही, कारण त्याचे मौन दरारा निर्माण करते. ब्रिटिश शॉर्टहेअर दिसायला शार्त्रूच्या जवळचे आहे, पण फ्रान्सच्या राजाचा सैनिक इंग्लिश मांजराच्या रूपात दाखवणे मला पटत नाही, आणि त्यातून या कादंबरीचा शेवट ला रोशेलच्या वेढ्यात, इंग्रजांशी चाललेल्या युद्धाच्या काळात होतो.

पोर्थॉससाठी बहुतेकांना प्रथम सुचते ते मेन कून. त्याचा नर सहा ते आठ किलोपर्यंत सहज भरतो, तर आपले गावठी मांजर तीन ते पाच किलोंचे असते, त्यामुळे शेजारी उभे केल्यावर फरक आपोआप दिसतो. पण मला ही जात आवडली ती वजनासाठी नव्हे. कादंबरीत एक प्रसंग आहे. पोर्थॉसने खांद्यावरून आडवा घातलेला तलवारीचा पट्टा सोनेरी कलाबतूने झळाळत असतो, आणि सर्दी झाल्याचे निमित्त सांगून त्याने वर मखमली झगा पांघरलेला असतो. घाईने धावणारा दार्तान्यां वाऱ्याने फुगलेल्या त्या झग्यात नेमका गुरफटतो, आणि त्याच्या नाकासमोर येते ती पट्ट्याची मागची बाजू, जी साध्या चामड्याची असते. सोनेरी काम फक्त पुढे दिसण्यापुरते आहे. मेन कूनचे केसही असेच असतात. गळ्याखाली आणि छातीवर आयाळीसारखा भरगच्च झुबका, पोटावर आणि मागच्या मांड्यांवर लांब केस, आणि खांद्यांवर मात्र तुलनेने आखूड. हे लक्षात आले त्या रात्री मी उठून दिवा लावला आणि लगेच रेखाटन केले. पोर्थॉस पुढून राजासारखा आणि मागून साधासुधा, आणि मागच्या कोपऱ्यात तोंड वासून पाहणारा लहानसा पट्टेदार बोका, असे ते चित्र आहे. आतापर्यंतच्या सगळ्या रेखाटनांत मला तेच सर्वांत जमलेले वाटते.

तरीही दोन गोष्टी खटकतात. मेन कून ही अमेरिकेतल्या मेन राज्याची जात आहे. १९८५ मध्ये त्या राज्याने तिला आपले अधिकृत मांजर म्हणून मान दिला, म्हणजे ती तिथल्या मातीशी पक्की जोडलेली आहे, आणि आमची गोष्ट घडते १६२५ ते १६२८ या काळातील फ्रान्समध्ये. दुसरे म्हणजे एवढ्या आडदांड देहातून निघणारा आवाज बारीक, चिवचिवल्यासारखा असतो, आणि पोर्थॉस तर खोलीत शिरला की सगळ्यांच्या आधी त्याचाच आवाज ऐकू येतो. आवाज चित्रात दिसत नाही, हे खरे. पण मुले हस्तलिखित मोठ्याने वाचतात, आणि प्रत्येक पात्राचा आवाज काढायची त्यांची तयारी आतापासूनच सुरू आहे. नॉर्वेजियन फॉरेस्ट घेतल्यास निदान युरोप खंड तरी साधतो. त्यालाही आयाळ आहे, झुपकेदार शेपूट आहे, त्रिकोणी चेहरा आहे. मात्र त्याची मुद्रा मला फार शांत आणि विचारी वाटते, आणि पोर्थॉसच्या स्वभावात विचार शेवटी येतो.

अ‍ॅरामिसवर आमच्यात सर्वाधिक चर्चा झाली. तेविशीचा, नाजूक, मृदू बोलणारा. हातांच्या शिरा फुगतील या भीतीने हात खाली न सोडणारा, आणि कानांच्या पाळ्यांना गुलाबी, पारदर्शक झाक राहावी म्हणून त्या अधूनमधून चिमटणारा असे त्याचे वर्णन आहे. वाचताना आमच्यातली एक मुलगी नकळत स्वतःचा कान चिमटीत धरून बसली होती. त्याच आठवड्यात संध्याकाळी आमच्या कुंपणाच्या भिंतीवर एक पांढरी मांजरी बसलेली मला दिसली. सूर्य तिच्या मागे होता, आणि तिचे दोन्ही कान आतून उजळल्यासारखे गुलाबी झाले होते, इतके की त्यांतल्या बारीक शिरा मोजता आल्या असत्या. अ‍ॅरामिस पांढराच असला पाहिजे, हे माझ्या मनाने तिथे उभ्या उभ्या ठरवले.

पांढऱ्यांमध्ये मला तुर्की अंगोरा सर्वांत योग्य वाटते. लांबसडक बांधा, रेशमी केस, उंच आणि टोकदार कान, आणि तोलून टाकलेली पावले. इतिहासही साथ देतो. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातच पेरेस्क नावाच्या फ्रेंच विद्वानाने अंकाऱ्याकडची ही लांब केसांची मांजरे प्रोव्हान्समध्ये आणून वाढवली होती, तेव्हा कथेच्या काळात ती फ्रान्समध्ये दाखवता येतात. या जातीत एक डोळा निळा आणि दुसरा पिवळसर अशी मांजरेही आढळतात. एक पाय चर्चमध्ये आणि एक पाय सैन्यात ठेवून वावरणाऱ्या, धर्मोपदेशक व्हायचे म्हणत म्हणत द्वंद्वयुद्धे खेळणाऱ्या अ‍ॅरामिससाठी याहून नेमके डोळे मला सुचत नाहीत. पांढऱ्या मांजरांत निळ्या डोळ्याच्या बाजूचा कान पुष्कळदा बहिरा असतो, हे वास्तवही मला गोष्टीत वापरावेसे वाटते : एका बाजूने बोललेले त्याला ऐकू येते, दुसऱ्या बाजूचे येत नाही.

मुलांचा एक गट मात्र बॉम्बे कॅटसाठी अडून बसला आहे. अ‍ॅरामिस आजारपणात धर्माच्या वाटेला लागतो तेव्हा तो काळ्या पोशाखात, डोक्यावर चपटी गोल टोपी घालून बसलेला असतो, म्हणून तो काळाच हवा, असा त्यांचा युक्तिवाद आहे आणि तो चुकीचा नाही. शिवाय नाव आपल्या मुंबईचे. त्यांना मी सांगितले की ही जात मुंबईत जन्मलेली नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बर्मीज आणि काळे अमेरिकन शॉर्टहेअर यांच्या संकरातून, छोट्या काळ्या बिबट्यासारखे मांजर मिळावे म्हणून ती तयार केली गेली, आणि भारतातल्या काळ्या बिबट्यांवरून तिला हे नाव दिले गेले. मुले थोडी हिरमुसली, पण मागणी कायम आहे. कोणी दुमडलेल्या कानांचे स्कॉटिश फोल्डही सुचवले होते. त्याला मी स्पष्ट नकार दिला, कारण ज्या जनुकामुळे ते कान दुमडतात त्यानेच त्या मांजरांच्या सांध्यांना वेदनादायक विकार होतो, आणि मुलांना लाडके वाटणारे पात्र त्या जातीचे दाखवून घराघरांतून तिची मागणी सुरू व्हावी असे मला वाटत नाही.

काळाचा काटेकोरपणा किती ठेवावा, हाही प्रश्न आहे. आज आपण ज्याला जात म्हणतो ती नोंदी, निकष आणि प्रदर्शने यांतून घडलेली गोष्ट आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधले गाजलेले मांजर प्रदर्शन १८७१ चे, म्हणजे ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली त्या १८४४ च्याही नंतरचे. त्या हिशेबाने पॅरिसच्या रस्त्यांवर १६२५ मध्ये आजच्या अर्थाने एकही जात नव्हती, करडी, पट्टेदार आणि पांढरी मांजरे तेवढी होती. पण कार्डिनल रिशल्यू स्वतः मांजरांचा शौकीन म्हणून प्रसिद्ध आहे, आणि या कथेत तोच तिघांचा प्रतिपक्ष आहे. म्हणून त्याला एकट्यालाच माणूस ठेवून, मांडीवर मांजर घेऊन बसलेला दाखवावे असे मी योजले आहे. असा दुवा हाती असताना इतिहासाकडे साफ पाठ फिरवणेही बरे वाटत नाही.

शेवटची अडचण छपाईची आहे. हस्तलिखिताच्या साठ प्रती आम्ही झेरॉक्स करतो, त्यामुळे सगळे काळ्या-पांढऱ्यात येणार. शार्त्रूचे तांब्याच्या रंगाचे डोळे, दार्तान्यांचा नारिंगी रंग, अ‍ॅरामिसचे दोन रंगांचे डोळे यांपैकी काहीच छापील पानावर उरणार नाही. एक डोळा गडद आणि एक फिका काढला तर वाचणाऱ्याला तो झेरॉक्सचा डाग वाटेल. म्हणून प्रत्येक मांजर केवळ बाह्याकृतीवरून, म्हणजे कान, शेपूट, छाती आणि बसण्याची ढब यांवरून ओळखू आले पाहिजे. आपल्याकडे लांब केसांचे कोणतेही पांढरे मांजर दिसले की लोक त्याला पर्शियन म्हणतात, आणि चपट्या नाकाचा अ‍ॅरामिस कोणाच्या डोळ्यांसमोर आला तर माझे सगळे श्रम फुकट जातील.

तेव्हा जाणकारांना माझी विनंती अशी आहे. ज्यांच्या घरी शार्त्रू किंवा त्याच्यासारखे करडे ब्रिटिश मांजर आहे, त्यांनी कृपया सांगावे की ते एकटे, खिन्न किंवा थकलेले असते तेव्हा त्याच्या शरीरात काय बदलते : कान कसे होतात, शेपूट कुठे गुंडाळली जाते, खांदे कसे पडतात, म्हणजे अ‍ॅथॉसचे स्मित न पुसता त्याचे दुःख मला पाठीतून दाखवता येईल. मेन कून आणि नॉर्वेजियन फॉरेस्ट ही दोन्ही मांजरे जवळून पाहिलेले कोणी परदेशस्थ वाचक असतील, तर त्यांनी दोघांच्या चालण्यातला आणि ऐटीतला फरक लिहावा. मिरवणारे कोण आणि नुसतेच मोठे कोण, एवढे कळले तरी माझा निर्णय होईल. अंगोरा पाळलेल्यांनी ते मांजर पंजा चाटताना किंवा कान साफ करताना काढलेले छायाचित्र दिल्यास अ‍ॅरामिसचे पहिले चित्र त्यावरूनच काढीन. आणि ज्यांना तिघांसाठी माझ्यापेक्षा वेगळ्या जाती सुचतात, त्यांनी कादंबरीतला कोणता प्रसंग पाहून त्या सुचल्या तेही अवश्य लिहावे.

नवरात्र सुरू होण्याआधीच्या शनिवारी तिघांची पक्की रेखाटने मुलांसमोर ठेवायची आहेत. पोर्थॉसच्या पट्ट्याचे चित्र स्कॅन करून उद्या याच धाग्यावर देते.