अहो रूपम् अहो ध्वनिः: भेट प्रतींवरची परीक्षणं बंद करायची का?

शाईचा डाग
वाचकांच्या गटांत हल्ली एक रीतच पडली आहे. कोणीतरी स्वखर्चाने कादंबरी काढतो, वीस-पंचवीस जणांना 'अभिप्रायार्थ सप्रेम भेट' धाडतो आणि पंधरवड्यात तितकीच परीक्षणं झळकतात. 'ओघवती शैली', 'एका बैठकीत संपवलं', 'लेखकाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा'. अशाच एका शिफारशीवर मी साडेतीनशे रुपये घातले. नायिका १८व्या पानावर सुमन, ६०व्या पानावर सुनंदा. 'आणि'तला णि सगळीकडे दीर्घ. रफार भलत्याच अक्षरावर. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये घेऊन पुन्हा न वाचता छापला की होतं तसं. हे एकालाही दिसलं नाही, की दिसलं आणि गिळलं?

प्रत फुकट मिळाली असेल तर पहिल्या ओळीत सांगा. पुस्तक फसलं असेल तर फसलं म्हणा. पहिलंच आहे, पदरमोड करून काढलंय, या सवलती आता पुरे.

गंधाली
मी त्या पदरमोडवाल्यांपैकीच. प्रकाशकाकडे गेले तर त्यांनीही पैसेच मागितले, म्हणून म्हटलं आपलं आपणच काढू. पाचशे प्रती छापल्या. वितरक छापील किमतीच्या निम्म्याच्या आसपास कमिशन मागतो. वर्तमानपत्राला परीक्षणासाठी दोन प्रती पाठवायच्या आणि 'साभार पोच'मध्ये, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या नुसत्या यादीत, नाव दिसलं की धन्य व्हायचं. उरलेले गठ्ठे दिवाणात आहेत, त्यावर आमचे पाहुणे झोपतात. अशात चार लोकांनी चार बरे शब्द लिहिले तर तुमच्या पोटात का दुखावं? नावाजलेल्या प्रकाशनांच्या पुस्तकांतही ढीगभर चुका असतात. तिथे कशी लेखणी म्यान होते?

शाईचा डाग
तिथेही लिहितो. आणि बरे शब्द लिहायला कोणाची ना नाही हो, ते खरे असावेत एवढंच.

प्रुफवाले काका
तीस-एक वर्षं दिवाळी अंक आणि पुस्तकांची प्रुफं तपासली. सात फर्म्यांचं पुस्तक, म्हणजे ११२ पानं, नीट दोनदा वाचायला लागतो तो खर्च मुखपृष्ठाच्या खर्चापुढे काहीच नाही. पण प्रकाशन समारंभाला हॉल, प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ, वर पेढे, याला पैसे निघतात. प्रुफं मात्र घरी वहिनी वाचतात. गंधालीताई, हे तुम्हाला उद्देशून नाही.

सह्याद्रीचा वारा
शुद्धलेखनाची काठी जुनीच आहे. १८७४ साली सुरू झालेल्या निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली होती. आशयाला उत्तर द्यायचं नसलं की ऱ्हस्व-दीर्घ आठवतं. साठच्या दशकातली अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारी छोटी मासिकं, तीही सायक्लोस्टाइल करून, खिशातले पैसे घालूनच निघाली ना? तेव्हा 'दर्जा'वाल्यांचं ऐकलं असतं तर आधुनिक मराठी कविता बरीच गरीब राहिली असती. स्वखर्च म्हणजे हौस, हा समज आधी सोडा.

शाईचा डाग
फुल्यांना मध्ये आणलंत की पुढचा माणूस गप्प होतो, हे ठाऊक आहे मला. पण प्रत्येक गलथान पुस्तकामागे महात्मा दडलेला नसतो. विष्णुशास्त्र्यांनी दोष काढले, त्यामागे आकस होता, हे आपण आज दाखवू शकतो, कारण त्यांनी ते छापून ठेवलं. 'ओघवती शैली' म्हणणाऱ्याशी वाद तरी कसा घालणार? आणि अनियतकालिकवाले एकमेकांना हारतुरे देत बसले नव्हते, चांगले भांडत होते.

उगाचच
नियमाचं बोलायचं तर जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे 'अस्की'ने, २०२१मध्येच समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी सांगून ठेवलंय की फुकट मिळालेली वस्तूसुद्धा जाहीर करायची. ॲमेझॉन तर घरच्यांना आणि जवळच्या मित्रांना परीक्षण लिहूच देत नाही. भेट प्रत चालते, पण 'प्रत देतो, परीक्षण लिहा' हा सौदा चालत नाही. आमच्याकडे मेहुण्याचे पाच तारे पहिले येतात.

तालुक्याचा ग्रंथपाल
आमचं 'ब' वर्गाचं वाचनालय. पुस्तकखरेदी अनुदानावर, शासनाची ग्रंथयादी आणि विक्रेत्याची सूट बघून. तुमची परीक्षणं त्यात कुठे बसत नाहीत, राग मानू नका. पण मी ती वाचतो, आणि त्यातल्या त्यात तक्रार असलेलं आधी. कौतुकातून पुस्तकात काय आहे ते कळतच नाही.

एक सांगतो. निवृत्त एसटी कंडक्टरांनी स्वतः काढलेलं आठवणींचं पुस्तक आमच्याकडे भेट आलं. छपाई यथातथा, शुद्धलेखन विचारू नका. तिकिटाची पेटी, मुक्कामी गाडी, घाटात बंद पडलेल्या बसमधली रात्र, असं सगळं. वाचकांनी इतकं नेलं की शेवटच्या पानावरचा तारखांचा तक्ता दोन्ही बाजूंनी भरला, पानं सुटली, बाइंडिंग करून घेतलं. त्यावर कुठेही एक ओळ आलेली नाही. त्या गृहस्थांना गट वगैरे माहीत नव्हते, प्रती कोणाला पाठवायच्या तेही नाही.

गंधाली
हेच म्हणते मी! ओळखी नसतील तर चांगलं पुस्तकही मरतं. म्हणून आम्ही प्रती वाटतो.

शाईचा डाग
वाटा की. पण माझ्यासारख्याने कंडक्टरांच्या पुस्तकाबद्दल उद्या मनापासून लिहिलं, तरी ते त्याच पंचवीस शुभेच्छांत बुडणार. नुकसान तुमच्यासारख्यांचंच आहे, माझं फक्त साडेतीनशे गेले.

गंधाली
माझं पाठवते तुम्हाला. सोलून काढा, पण अख्खं वाचून. आणि १८वं पान मी आत्ताच तपासलं.

शाईचा डाग
पाठवू नका, विकत घेतो. लिंक द्या.

प्रुफवाले काका
ग्रंथपाल महाशय, त्या कंडक्टरांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार असेल तर प्रुफं मी फुकट वाचून देईन. फक्त आधी एक प्रत कुठे मिळेल ते कळवा.