मदत हवी आहे : साखर भरली, पण बिया हिरव्या, वाइनच्या द्राक्षांची तोडणी करावी की थांबावे?

नमस्कार. रेड वाइनसाठी लावलेल्या सुमारे तीनशे वेलींची ही माझी पहिलीच तोडणी आहे. गेल्या चार दिवसांत रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातील साखर मोजायचे उपकरण) 21 पासून 25 ब्रिक्सपर्यंतचे (ब्रिक्स म्हणजे साधारण साखरेचे टक्के) सगळे आकडे पाहून झाले, आणि तेही एकाच ओळीत. मणी चावला की गर गोड लागतो, पण बी अजून अर्धी हिरवी असून ती फोडताच तोंड तुरट होते. तोडलेले द्राक्ष पुढे पिकत नाही म्हणून घाई करावीशी वाटत नाही. थांबावे तर आम्लता उतरून सामू (pH) चढत जाईल, शिवाय तीन दिवसांनी पावसाचा अंदाज आहे. अशा वेळी कोणत्या खुणेवर भरवसा ठेवावा? तोडणी दोन टप्प्यांत करणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद :
आकड्यांतील एवढी तफावत मला बागेपेक्षा नमुन्याची वाटते. आपला हात नकळत उन्हाकडच्या, टपोऱ्या मण्यावरच जातो. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून आणि टोकाकडून मिळून शंभर ते दोनशे मणी घ्यावेत, कडेच्या वेली वगळाव्यात आणि सगळ्यांचा रस एकत्र काढून, गाळून मगच मोजावा. सामूही त्याच रसाचा पाहावा. तो 3.6 च्या पुढे सरकू लागला, तर केवळ बियांसाठी थांबू नये, कारण सामू वाढेल तसा वाइन टिकवण्यासाठी घालतात त्या सल्फाइटचा प्रभाव कमी होतो आणि जिवाणूंना मोकळे रान मिळते. बियांचा तुरटपणा मणी हलक्या हाताने चेचून आणि साली रसात कमी दिवस ठेवून बराच आवरता येतो. चढलेला सामू आवरणे त्याहून कटकटीचे. घड घट्ट भरलेले असतील तर पावसाने मणी तडकून आतून कुज धरते, तेव्हा आधी तोडणेच बरे. दोन टप्पे करावेत ते बागेचे दोन भाग वेगवेगळे पिकत असतील तरच. तोडणी पहाटे करावी आणि क्रेट उथळ ठेवावेत, म्हणजे तळाचे मणी फुटून रस तिथेच आंबू लागणार नाही.

धागाकर्ता :
मनःपूर्वक आभार. आज सकाळी याच पद्धतीने दीडशे मणी घेतले, तेव्हा 22.5 ब्रिक्स आणि 3.4 सामू आला. म्हणजे 25 हा आकडा बागेचा नसून माझ्या आवडत्या मण्यांचा होता. घड सुटे असल्यामुळे पाऊस ओसरेपर्यंत थांबतो आणि त्यानंतर पुन्हा मोजतो.