राज्यघटना तीच, मग इतिहासकारांचं मत का फिरतं?

रंकाळावेस: मास्तरांची कालची पोस्ट: "१९६६ ला इतिहासकार ऑस्टिन म्हणाला भारताची घटना म्हणजे सामाजिक क्रांती, आता नवे इतिहासकार म्हणतात इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याची नक्कल. वारा येईल तशी पाठ फिरवणारी जमात."
सर, नक्कल हा आरोप नव्यांचा नाहीच. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडतानाच बाबासाहेबांनी त्याला उत्तर दिलंय: घेतलंय, लाज वाटत नाही, घेतला तो मुख्यतः कारभाराचा तपशील. ऑस्टिननं घटना करणारे बघितले. नव्यांतला इतिहासकार रोहित डे सुप्रीम कोर्टाच्या जुन्या फायलींत शिरला, २०१८ ला पुस्तक आलं. त्यात खाटीक आहेत, दारूबंदीविरुद्ध कोर्टात गेलेला पारशी आहे. कागद वेगळे, म्हणून उत्तर वेगळं.

निवृत्त_मास्तर: वाचतोस, कौतुक आहे. अमेरिकेत १९१३ ला बिअर्ड या इतिहासकारानं तिथल्या घटनाकारांचे कर्जरोखे काढून दाखवले, म्हणे स्वतःची तिजोरी सांभाळली. १९५८ ला मॅकडोनाल्ड या दुसऱ्या इतिहासकारानं तोच हिशेब खोडला. पोरांना शिकवायचं काय?

रंकाळावेस: दोन्ही. झेपत नसेल तर सनावळी घोका.

बिंदू_चौक: अमेरिका झाली, दिल्ली झाली. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ५० टक्के सरकारी जागा मागासांसाठी राखून ठेवल्या, १९२० ला अस्पृश्यांची माणगाव परिषद झाली. पण संस्थानं म्हटलं की ह्यांची शाई संपते!

वकिलीणबाई: शाहूंच्या कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, मिळालं ऑगस्ट २०२५ मध्ये! तोवर माझे वडील जमिनीच्या केससाठी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायचे. लॉज, फी, वडापाव. शेवटी जमिनीचाच नाद सोडला.

बिंदू_चौक: सर्किटच आहे अजून. कायमचं खंडपीठ कधी?

सोलापूरकर: सहा जिल्ह्यांचं बेंच म्हणे. आम्हाला कोल्हापूर काय शेजारच्या गल्लीत आहे?

बिंदू_चौक: मग जावा की मुंबईला! आंदोलनाला कोण बसलं होतं इतकी वर्षं?

सोलापूरकर: आमचे वकीलही बसले होते. सगळं श्रेय तांबड्या रश्शात बुडवू नका.

निवृत्त_मास्तर: धागा कशाचा, चाललंय काय!

रंकाळावेस: बाईंचं विषयातलंच आहे, सर. कोर्टाची पायरी कुणाला परवडली, हेच तर नवे विचारतायत. ऑस्टिनच्या पुस्तकात त्यांचे वडील सापडणार नाहीत.

निवृत्त_मास्तर: बरं बाबा. वारा बघून नाही, फायली बघून पाठ फिरवतात. आता तरी जेवायला जाऊ?