कॉलेजात ‘त्यांच्या बाजूचे’ म्हणून ओळखले जाताना (अनुभव धागा)

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, कविता लिहायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये ते एका पुरुषासोबत असताना त्यांच्या घरात घुसून चित्रीकरण झालं आणि निलंबन झालं सरांचंच. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते मृतावस्थेत सापडले. प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणं दिल्ली उच्च न्यायालयाने त्याआधीच, जुलै २००९ मध्ये, घटनाबाह्य म्हटलं होतं. कोर्ट सरांच्या बाजूने होतं. शेजारच्या टेबलावरचे किती जण होते?

तुम्ही गे, लेस्बियन, ट्रान्स मुलामुलींच्या बाजूने उघडपणे उभे राहिला असाल तर लिहा. फजिती झाली असेल तर तीही.

सुरुवात माझ्यापासून. समलिंगी संबंध गुन्हा नाही, असा ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्या आठवड्यात केबिनच्या दारावर सहा रंगांचा प्राइडचा स्टिकर लावला. स्टाफरूममध्ये एकाने विचारलं, “सर, वहिनींना माहितीये ना?” सगळे हसले. माझ्या तोंडून निघून गेलं, “अहो, मी तसा नाहीये!” अंगावर पाल पडावी तसं झटकलं मी ते. घरी पोचेपर्यंत स्वतःचीच लाज वाटत होती. हल्ली कुणी विचारलं तर “असलो तर?” म्हणतो आणि चहा पितो. स्टिकर दोनदा नखाने खरवडला गेलाय. सध्याचा तिसरा.

गणिताच्या मॅडम

माझ्या वर्गात एक ट्रान्स मुलगा होता. मस्टरवर त्याचं जुनं, मुलीचं नाव. नावबदलाचं गॅझेट व्हायचं होतं. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालानेच दिलाय, पण मस्टरवर मला खाडाखोड करता येत नाही. मग सगळ्या वर्गाचीच हजेरी रोल नंबरवर घ्यायला लागले. “मॅडम, आम्हाला नावं नाहीत का?” “साठ नावं पाठ होत नाहीत रे या वयात.” वर्षभर निभावलं. परीक्षेला सुपरव्हायझर बाहेरचे. आधी जाऊन त्यांना सांगून आले होते, तरी त्यांनी हॉल तिकिटावरचं नाव खणखणीत वाचलंच. पोराने पेपर पुरा लिहिला. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

गॅदरिंगवाला

दरवर्षीचं ठरलेलं: एका मुलाला साडी नेसवायची, तो लचकत चालणार, पब्लिक शिट्ट्या मारणार. आम्ही ती एंट्री कापली. “विनोद कळत नाही का तुला?” हे तेव्हापासून ऐकतोय. नाटक पडलं, हे कबूल. पण ते तसंही वाईटच होतं.

तेव्हाचा जी. एस.

माझी चूक लिहितो. मित्राने विश्वासाने सांगितलं होतं. होस्टेलवर त्याला ‘मिठ्या’ म्हणून चिडवायला लागले, तेव्हा मी मेसमध्ये ताट आपटून ओरडलो, “हो, आहे तो गे! काय करायचंय तुम्हाला?” मला वाटलं, मी फार मोठा तीर मारला. तोपर्यंत तो नुसता संशय होता. खात्री मी करून दिली. त्याने महिनाभरात खोली सोडली. एकदाच बोलला, “सांगायचं होतं की नाही, ते मला ठरवायचं होतं ना?” आता कुणासाठीही तोंड उघडण्याआधी त्यालाच विचारतो, काय बोलू आणि किती बोलू.

दाराच्या बाहेरचा

मी समर्थक वगैरे नाही, मी ‘तो’च. आमच्या फिजिक्सच्या सरांच्या कपाटावर असाच एक स्टिकर होता. त्यांच्याशी या विषयावर तीन वर्षांत चकार शब्द बोललो नाही. जर्नल लॅबच्या मामांकडे दिलं तरी चालायचं, पण मी स्वतः घेऊन जायचो. घरी लग्नाचा विषय निघाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेलो. सगळ्या प्रयोगांवर आधीच सह्या होत्या. सरांनी पानं उलटली, माझ्याकडे एकदा पाहिलं, म्हणाले, “बस. चहा घेणार?” आणि शेवटच्या प्रयोगावर पुन्हा एक सही केली.