‘कृत्रिम भाषा’, ‘नियोजित भाषा’ की ‘रचित भाषा’?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर) : विनोबांनी एस्पेरांतो शिकून घेतली होती, यावरून आमच्या वाचनगटात त्या भाषेचा विषय निघाला आणि गाडी पहिल्याच शब्दाला अडली. एका माणसाने व्याकरणासकट ठरवून तयार केलेल्या भाषेला मराठीत काय म्हणावे? कोणी ‘कृत्रिम’ म्हणाले, कोणी ‘नियोजित’, कोणी ‘सांकेतिक’. एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘करपल्लवी’ सुचवला. यांपैकी योग्य शब्द कोणता आणि त्याची व्युत्पत्ती काय, हे कृपया सांगावे.

उत्तर (महाल, नागपूर) : शेवटचे दोन शब्द आधी बाजूला काढू. करपल्लवी म्हणजे बोटांच्या खुणांनी बोलणे. गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात, तेव्हा आजूबाजूच्यांना काही कळत नाही. पण ठरतो तो आकडा मराठीतलाच असतो. ‘सांकेतिक’ची गत तीच. महानुभाव पंथाच्या सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह येत असल्यामुळे पोथी परक्याच्या हाती पडूनही त्याला वाचता येत नसे, मात्र किल्ली सापडली की खाली निघते ती अस्सल मराठी. लहानपणी आपण सगळेच बोललेली ‘च’ची भाषा, जिच्यात ‘कसा’चे ‘चसाक’ होते, तीही याच जातीची. हे सारे असलेली भाषा झाकण्याचे प्रकार झाले.

‘नियोजित’ हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, परंतु मराठीत तो जे अजून व्हायचे आहे त्याला लागतो. नियोजित वर, नियोजित अध्यक्ष, नियोजित उड्डाणपूल. 1887 साली प्रसिद्ध झालेल्या एस्पेरांतोला ‘नियोजित भाषा’ म्हटले, तर तिचे काम अजून सुरूच व्हायचे आहे असे वाटेल.

‘कृत्रिम’ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. हा शब्द ‘कृ’ म्हणजे करणे या धातूपासून आला. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, हा धातू ‘डुकृञ्’ असा दिला आहे. ज्या धातूंना ‘डु’ हा इत् (प्रत्यक्ष शब्दात न उरणारी व्याकरणाची खूण) लावलेला असतो त्यांना पाणिनीच्या ‘ड्वितः क्त्रिः’ या सूत्राने ‘त्रि’ प्रत्यय लागतो आणि पुढे ‘क्त्रेर्मम् नित्यम्’ या सूत्राने ‘म’ जोडला जातो. अर्थ एवढाच की करण्यातून निपजलेले. त्यात खोटेपणाचा लवलेशही नाही. किंबहुना ‘संस्कृत’ आणि ‘प्राकृत’ हे शब्दही याच धातूचे आहेत. मात्र व्युत्पत्ती कितीही निर्मळ असली तरी शब्दाला चिकटलेला वास जात नाही. साखरेची कृत्रिम टंचाई, कृत्रिम हसू, कृत्रिम दात असे ऐकत आलेल्या वाचकाला ‘कृत्रिम भाषा’ म्हणजे खोटी किंवा ओढूनताणून बोललेली भाषा वाटते. शिवाय संगणकाला आज्ञा देण्याच्या भाषाही याच नावाखाली येतात, तो घोटाळा वेगळाच.

माझे मत ‘रचित भाषा’ या शब्दाला आहे. ‘रच्’ या धातूत मांडणीचा अर्थ आहे आणि मराठीने तो नीट जपला आहे: विटा रचतात, कडब्याची गंजी रचतात, अभंग रचतात, कटही रचतात. या प्रत्येक ठिकाणी रचणारा कोणीतरी असतो आणि रचण्यामागे त्याचा काही हेतू असतो. नेमकी हीच गोष्ट या भाषांना इतर भाषांपासून वेगळी करते.

या भाषांची स्वतःची नावेही पाहण्यासारखी आहेत. योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूने 1879–80 च्या सुमारास ‘व्होलाप्यूक’ रचली. ‘व्होल’ म्हणजे जग, ‘प्यूक’ म्हणजे भाषा आणि मधला ‘आ’ षष्ठीचा. अर्थात ‘जगाची भाषा’. दोन्ही शब्द इंग्रजीवरून घेऊन इतके बदलले आहेत की ओळखू येत नाहीत. पुढे डॅनिश भाषेत याच नावाचा अर्थ ‘अगम्य बडबड’ असा झाला. एस्पेरांतो हे तर मुळात भाषेचे नावच नव्हते. डॉ. झामेनहोफ यांनी वॉर्सात पहिले पुस्तक काढताना ‘डॉक्टर एस्पेरांतो’ असे टोपणनाव घेतले होते. ‘एस्पेर’ म्हणजे आशा करणे, ‘आंत’ हा वर्तमान धातुसाधिताचा प्रत्यय, ‘ओ’ ही नामाची खूण. मिळून ‘आशा बाळगणारा’. भाषेचे नाव त्यांनी ‘आंतरराष्ट्रीय भाषा’ असे ठेवले होते, पण लोकांनी कर्त्याचेच नाव तिला चिकटवले.

शंका (इतवारी, नागपूर) : डॉ. रघुवीर यांनी आपल्याच शहरात बसून कोशासाठी हजारो पारिभाषिक शब्द घडवले. मग त्या शब्दांनी भरलेली सरकारी हिंदी रचित भाषा म्हणायची का?

उत्तर (महाल) : नाही. डॉ. रघुवीरांनी शब्द घडवले, पण त्या वाक्यांतील क्रियापदे, विभक्ती आणि लिंगव्यवस्था हिंदीचीच राहिली. एस्पेरांतोत प्रत्येक नाम ‘ओ’ने आणि प्रत्येक विशेषण ‘आ’ने संपावे, हा नियमच कोणीतरी बसून केलेला आहे. आणि कोणी ‘तू काय करून राहिला बे’ या आपल्या बोलीला बनावट ठरवू पाहील, तर तिचा कर्ता कोण, एवढेच त्याला विचारावे. याउलट 2015 च्या ‘बाहुबली’साठी मदन कार्की यांनी तयार केलेली किलिकी मात्र निःसंशय रचित भाषा. लेखात पहिल्या वेळी ‘रचित (कृत्रिम) भाषा’ असे लिहून पुढे कंस गाळावा, म्हणजे जुन्या शब्दाला सरावलेला वाचकही अडणार नाही.